पृष्ठवंशीय प्राण्यांची स्थानिक नोंदवही : वर्गीकरण कोणते धरावे आणि पाहणी कशी करावी?

खाडीकाठ, ऐरोली

ठाणे खाडीचा ऐरोलीकडचा काठ आणि येऊरचा डोंगर या दोन ठिकाणच्या पृष्ठवंशीय प्राण्यांची नोंदवही कनिष्ठ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून वर्षभरात करून घ्यावी, असा आमचा विचार आहे. खाडीतील सुमारे 17 चौरस किलोमीटरचे क्षेत्र 2015 मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि 2022 मध्ये ठाणे खाडीचा महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत समावेश झाला. येऊर तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचेच ठाण्याकडचे अंग आहे. चिखलावर सरकणाऱ्या माशापासून बिबट्यापर्यंतचे प्राणी शहराच्या बसने गाठता येतील एवढ्या अंतरात असताना त्यांचा अभ्यास भिंतीवरच्या तक्त्यावर उरकला जावा, हे पटत नाही.

दोन बाबींवर जाणकारांचे मत हवे आहे. पहिली वर्गीकरणाची. दहावीच्या पाठ्यपुस्तकात पृष्ठवंशीय उपसंघाचे चक्रमुखी, मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी आणि सस्तन असे सहा वर्ग दिले आहेत. अलीकडचे ग्रंथ मात्र वंशावळीवर आधारलेली मांडणी करतात आणि तीत ‘मत्स्य’ व ‘सरीसृप’ हे वर्ग जुन्या अर्थाने टिकत नाहीत. नोंदवहीचे विभाग कशावर पाडावेत? दुसरी बाब पद्धतीची. माझा कल असा आहे की दोन्ही ठिकाणी एकेक वाट ठरवावी, दर पंधरवड्याला सकाळी तीच वाट चालावी आणि जे दिसेल ते लिहावे, म्हणजे महिन्यामहिन्यांची तुलना करता येईल. ही पद्धत सर्व वर्गांना पुरेल का?

निवृत्त प्राध्यापक, नौपाडा

वर्गीकरणाचा प्रश्न आधी घेतो, कारण तो वाटतो तितका पुस्तकी नाही.

प्राणी कोठे राहतो आणि कसा दिसतो यावरून त्याचा वर्ग ठरवण्याची सवय फार जुनी आहे आणि तिच्यापायी मोठमोठे लोक अडखळले आहेत. लिनियसने 1758 च्या आवृत्तीत देवमासे आणि डॉल्फिन यांना माशांतून काढून सस्तनांत नेले, हे त्याचे मोठेच काम. पण त्याच ग्रंथात शार्क मात्र त्याने उभयचरांत बसवले होते. आपल्या किनाऱ्यावर या दोन्ही प्राण्यांची चांगली जोडी आहे. मुशी म्हणजे शार्क आणि गादा म्हणजे कुबडधारी डॉल्फिन. दोघांचा आकार पाणी कापणारा, दोघांच्या पाठीवर पर. तथापि मुशीला कल्ल्यांच्या उघड्या फटी असतात, सांगाडा कूर्चेचा असतो आणि शेपटीचा पर उभा असतो. गाद्याला फुप्फुसे असतात, पिलाला तो दूध पाजतो आणि त्याची शेपटी आडवी असून ती वरखाली हलते. आडवी शेपटी हा त्याच्या जमिनीवरील चतुष्पाद पूर्वजांचा वारसा आहे, कारण धावताना सस्तनांचा कणा वरखाली वाकतो, माशांचा डावी-उजवीकडे.

आता ‘मत्स्य’ वर्ग का टिकत नाही ते पाहू. बोंबील आणि मुशी या दोघांना आपण मासे म्हणतो, परंतु वंशावळीने पाहिले तर बोंबील हा मुशीपेक्षा माणसाला जवळचा आहे. बोंबलासारखे हाडांच्या सांगाड्याचे मासे, म्हणजे अस्थिमत्स्य, आणि सर्व चतुष्पाद प्राणी यांचा समाईक पूर्वज होऊन गेला तो कूर्चेच्या माशांची शाखा आधीच फुटून गेल्यानंतर. त्याहून पुढे, 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिवंत सापडलेला सीलाकँथ हा मासा बोंबलापेक्षा आपल्याला जवळचा, कारण त्याच्या मांसल परांतील हाडांची मांडणी आपल्या हातापायांच्या कुळातली आहे. सरीसृपांचेही तसेच. मगरीचे हृदय चार कप्प्यांचे आहे आणि तिचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक पक्षी आहेत, सरडे नव्हेत. म्हणून पक्ष्यांना वगळून ‘सरीसृप’ असा गट केला, तर एका घराण्यातील मधलीच एक शाखा यादीतून गाळल्यासारखे होते. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याने 1950 मध्ये मांडलेला आग्रह एवढाच होता की गटात पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज यावेत, सोयीचे तेवढेच नव्हेत.

एवढे सांगूनही माझा सल्ला असा की नोंदवहीचे विभाग जुन्या सहा वर्गांवरच पाडावेत. (चक्रमुखींचे पान अर्थात कोरेच राहील, त्यांतले जबडा नसलेले लॅम्प्री आणि हॅगफिश आपल्या खाडीत मिळणारे नव्हेत.) वर्ग ही नोंद नव्हे, तो नंतर काढता येणारा निष्कर्ष आहे. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष दिसलेली लक्षणे लिहावीत आणि जात, प्रजाती किंवा कुळ यांपैकी ज्या पातळीपर्यंत खात्री असेल तेथे थांबावे. महाराष्ट्रातील सह्याद्रीत आढळणारा एक बेडूक पूर्वी मलबारकडच्या जातीतच गणला जात असे. 2015 मध्ये तो ‘हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा’ या नावाने वेगळी जात ठरला. ज्यांच्या जुन्या नोंदींत ठिकाण, छायाचित्र आणि आवाज होते त्यांना नाव बदलणे सोपे गेले. ज्यांनी केवळ नाव लिहिले होते त्यांच्या नोंदीचे काही करता येत नाही.

पाठ्यपुस्तकवाला, कळवा

सरांचे विवेचन वाचून आनंद झाला, पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. विद्यार्थ्यांना आधी सहा वर्ग पाठ करायला लावायचे आणि पुढे ते खरे नाहीत म्हणून सांगायचे, यापेक्षा नोंदवहीच्या पहिल्या पानावर वंशवृक्ष काढून त्याच्या फांद्यांनाच क्रमांक द्यावेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हे झेपते. ‘शीतरक्ती’ आणि ‘उष्णरक्ती’ ही विभागणीही अशीच ढोबळ आहे. दुपारी उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त मुळीच थंड नसते, तो फक्त उष्णता बाहेरून घेतो.

निवृत्त प्राध्यापक, नौपाडा

वंशवृक्ष पहिल्या पानावर जरूर काढावा. विभाग मात्र वर्गांचेच ठेवावेत, कारण चिखलात उभ्या असलेल्या मुलाला पान पटकन सापडले पाहिजे. सरड्याविषयी आपण म्हणता ते योग्य आहे, आणि त्यातून पद्धतीविषयी एक गोष्ट निघते : उष्णता बाहेरून घेणारे प्राणी केव्हा दिसतील हे हवेवर ठरते, म्हणून त्यांच्या प्रत्येक नोंदीसोबत तापमान, ऊन-सावली आणि वेळ लिहिली नाही, तर डिसेंबरात सरडे कमी झाले की केवळ कमी बाहेर आले, हे सांगता येणार नाही.

दिवाळे कोळीवाडा

माशांबद्दल लिहितो. आमच्याकडे जी निवटी चिखलावर उड्या मारताना दिसते, तिला पाहून शहरातले पाहुणे हमखास तिला बेडकाचे पिल्लू समजतात. ती पक्का मासा आहे. तिच्या अंगाला खवले आहेत, कल्ले आहेत, आणि ज्यांवर ती पुढे सरकते ते पाय नसून छातीचे पर आहेत. अंग ओले असेपर्यंत ती त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेते, म्हणूनच वारंवार डबक्यात लोळते. ती ओहोटीला दिसते, भरतीला बिळात असते. तेव्हा सकाळची ठरलेली वेळ तिच्यासाठी निरुपयोगी आहे, कारण ओहोटीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. पंधरवड्याने तीच वेळ धरली तर फार तर एकाच अवस्थेतील पाणी पुन्हा पुन्हा दिसेल.

मोजणी करायची असेल तर काठावर दोरीने ठरावीक मापाचे चौकोन आखून त्यांतील बिळे मोजतात, परंतु एका बिळाला एकाहून अधिक तोंडे असतात, म्हणून बिळांचा आकडा म्हणजे निवट्यांचा आकडा नव्हे. चौकोनापासून दूर स्वस्थ बसून पृष्ठभागावरच्या निवट्या दुर्बिणीने मोजाव्यात आणि दोन्ही आकडे वेगवेगळे लिहावेत.

पाण्यातल्या माशांसाठी विद्यार्थ्यांनी स्वतः जाळे टाकू नये. डोलीचे जाळे प्रवाहासमोर तोंड करून बांधलेले असते आणि ओढीबरोबर जे येईल ते त्यात येते; पाग फेकला तर उथळ पाण्यातील बोयटासारखे मासे येतात. दोन जाळ्यांची मासळी एका रकान्यात मिसळली, तर खाडीत काय आहे याऐवजी जाळ्यात काय अडकते याचीच यादी होईल. बंदरावर मासळी निवडली जात असताना विचारून छायाचित्रे घ्यावीत, जाळ्याचा प्रकार लिहावा, उधाण (मोठी भरती-ओहोटी) होते की भांग (लहान भरती-ओहोटी) तेही लिहावे. लांबी घेताना तोंडाच्या टोकापासून शेपटीचा पर सुरू होतो तेथपर्यंतची घ्यावी. शेपटीचे टोक बऱ्याचदा तुटलेले असते.

दुर्बीण, नेरुळ

भरती-ओहोटीचा मुद्दा पक्ष्यांनाही तितकाच लागू आहे आणि रोहितांच्या बाबतीत तर तोच मुख्य आहे. ओहोटीला रोहित खाडीच्या उघड्या चिखलावर पांगतात. भरतीने चिखल झाकला की त्यांतील बरेच नेरुळ-सीवूड्सकडील पाणथळी आणि भांडुपच्या बाजूचे तलाव येथे येऊन थांबतात. त्यामुळे एका गटाने सकाळी ऐरोलीला आणि दुसऱ्याने दुपारी नेरुळला मोजून बेरीज केली, तर तेच पक्षी दोनदा मोजले जाण्याची दाट शक्यता असते. सर्व ठिकाणी एकाच भरतीला, एकाच घटकेस मोजणी सुरू झाली पाहिजे. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते ती याच विचाराने; अनेक ठिकाणचे आकडे ठरावीक दिवसांच्या चौकटीत गोळा होतात, म्हणून ते शेजारी शेजारी ठेवता येतात.

मोठ्या थव्यात एकेक पक्षी मोजणे अशक्य असते. शंभर पक्षी नीट मोजून तेवढा ठोकळा डोळ्यांत बसवावा आणि थव्यावरून तो पुढे पुढे सरकवत न्यावा. जमल्यास थव्याचे सलग छायाचित्र घेऊन घरी त्यावर मोजणी ताडून पाहावी. छोटा आणि मोठा रोहित वेगळे लिहावेत. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी असून फक्त टोक काळे असते, छोट्याची चोच सगळीच गडद दिसते. मोठा पाण्यातील लहान जीव गाळून खातो, तर छोट्याचे मुख्य अन्न सूक्ष्म निळे-हिरवे शैवाल आहे. अंतर जास्त असेल आणि चोच दिसत नसेल, तर ‘रोहित, जात अनिश्चित’ हा तिसरा रकाना हवाच. हा रकाना नसला की विद्यार्थी अंदाजाने दुसऱ्या दोहोंपैकी एक भरतात.

येऊरच्या रानपक्ष्यांना मात्र वेगळी रीत. ठरावीक बिंदूवर उभे राहून दहा मिनिटांत ऐकू आलेले आणि दिसलेले पक्षी लिहिणे, हे झाडीत चालत मोजण्यापेक्षा बरे, कारण तेथे बहुतेक पक्षी आवाजावरूनच कळतात आणि चालताना पाचोळा आपलेच कान बंद करतो. पक्ष्यांना कडी घालणे हे प्रशिक्षितांचे काम आहे. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) ते 1927 मध्ये सुरू केले, आणि 2022 मध्ये त्यांनी येथील सहा रोहितांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली, त्यांतील एकाचे नाव ‘नवी मुंबई’ असे ठेवले होते. त्यांतले काही पक्षी पुढे गुजरातेत पोहोचल्याचे त्या यंत्रांवरूनच समजले. काठावर उभे राहून ते कितीही वर्षांत कळले नसते.

खाडीकाठ, ऐरोली

एकच वाट आणि एकच वेळ हा आराखडा तर मोडीत निघाला. खाडीसाठी भरतीचे वेळापत्रक समोर ठेवून दिवस ठरवू. आता येऊरकडील सस्तनांविषयी मार्गदर्शन हवे. तेथे दिवसा माकडांखेरीज काय दिसणार, असा विद्यार्थ्यांचा प्रश्न आहे.

रानवाट, येऊर

दिसणार काही नाही, म्हणूनच सस्तनांचा अभ्यास बहुतांशी खुणांचा असतो : ठसे, विष्ठा, नखांचे ओरखडे, उकरलेली माती. विष्ठेतील केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर केसाच्या गाभ्याच्या रचनेवरून भक्ष्य ओळखता येते. बिबट्याने काय खाल्ले हे बिबट्या न पाहता समजते. मात्र ठशांवरून प्राण्यांची संख्या काढण्याच्या मोहात पडू नये. आपल्या देशात वाघांची गणना 1966 पासून कित्येक वर्षे पंज्यांच्या ठशांवर चालली. एकच पंजा ओल्या मातीत, धुळीत आणि उतारावर वेगळा उमटतो, आणि ठसा कोणाचा हे ठरवणाऱ्याच्या नजरेवर सारे अवलंबून राहते. राजस्थानातील सारिस्का अभयारण्यातले वाघ नाहीसे झाल्याचे 2005 च्या सुमारास उघड झाल्यावर ती पद्धत सोडून देण्यात आली आणि कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर येताच आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा) व नमुना-पाहणी यांवर आधारलेली गणना सुरू झाली.

बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी प्रत्येक प्राण्यात निराळी असते, शिवाय डावी बाजू उजवीसारखी नसते. म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेरे लावतात, म्हणजे एकाच वेळी दोन्ही बाजू मिळतात. एकच कॅमेरा लावला, तर डाव्या बाजूचा एक आणि उजव्या बाजूचा एक, असे एकाच बिबट्याचे दोन बिबटे होण्याचा धोका असतो. पहिल्या फेरीत ओळखलेले प्राणी नंतरच्या फेऱ्यांत किती वेळा पुन्हा येतात, यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधला जातो. या काळात जन्म, मृत्यू व ये-जा नगण्य आहे असे गृहीत धरलेले असल्याने पाहणी महिना-दोन महिन्यांतच आटोपावी लागते. राष्ट्रीय उद्यानात 2015 मध्ये अशाच पाहणीतून 35 बिबट्यांचा अंदाज मिळाला होता. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या, चहूबाजूंनी वस्तीने वेढलेल्या जंगलासाठी हा आकडा मोठा आहे.

उदमांजर, मुंगूस किंवा खाडीच्या कांदळवनातला सोनेरी कोल्हा यांच्या अंगावर अशी वैयक्तिक ओळख नसते. त्यांच्या छायाचित्रांवरून ‘येथे आहे’ आणि ‘या वेळी वावरतो’ एवढेच म्हणावे; दहा छायाचित्रे म्हणजे दहा कोल्हे नव्हेत. चितळ व वानर यांच्यासाठी सरळ रेषेत चालत, दिसलेल्या कळपाचे अंतर आणि कोन मोजून रेषेपासूनचे लंब अंतर काढतात. रेषेपासून दूर जावे तसे प्राणी निसटत जातात. ते किती निसटले असतील याचा हिशेब त्या अंतरांतूनच होतो. येऊरचा डांबरी रस्ता यासाठी चालणार नाही, कारण रस्त्याकडेचे प्राणी माणसांना सरावलेले तरी असतात किंवा त्यांना टाळणारे तरी.

वटवाघळांबद्दल एक वाक्य : कीटकभक्षी जातींचे आवाज आपल्या ऐकण्याच्या पलीकडचे असतात, त्यासाठी वेगळे ध्वनिमुद्रण यंत्र लागते.

पावसाळी, वर्तकनगर

उभयचरांचे पान जून ते सप्टेंबरमध्येच भरेल आणि तेही रात्री. नर ओरडतात, माद्या ओरडत नाहीत, त्यामुळे आवाजांची मोजणी ही ओरडणाऱ्या नरांची मोजणी आहे असे स्पष्ट लिहावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर मोठ्या बेडकाचे नर पिवळेधमक होतात आणि त्यांच्या गळ्याच्या पिशव्या निळ्या दिसतात. नवख्यांना ती निराळी जात वाटते. बेडूक हाताळणे टाळावे, कारण त्यांची त्वचा श्वसनाचे काम करते आणि हाताला लावलेले डासांचे मलम त्यांना घातक ठरते. एका डबक्यातून दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी बुटांचा चिखल धुऊन काढावा, त्यातून बुरशीचा संसर्ग पसरू शकतो.

देवगांडूळ दिसल्यास विशेष लक्ष द्यावे. पाय नसलेला हा उभयचर गांडूळ किंवा वाळा समजून सोडून दिला जातो. वाळा हा साप आहे, त्याच्या अंगावर चकचकीत कोरडे खवले असतात; देवगांडुळाची त्वचा ओलसर व वलयांकित असते आणि त्याला जबडा असतो, जो गांडुळाला नसतो.

मजला सातवा, घोडबंदर रस्ता

येथे विचारणे योग्य आहे असे समजून विचारतो. आमच्या संकुलाच्या मीटर खोलीत सापाची कात सापडली आहे. काहींच्या मते विषारी मण्यार, काहींच्या मते बिनविषारी कवड्या. तिच्यावर पट्टे दिसत नाहीत. ही नोंद आपल्या वहीत कशी जाईल?

निवृत्त प्राध्यापक, नौपाडा

कातीवर रंग जवळपास उरत नाही, म्हणून पट्ट्यांवर विसंबता येणार नाही. जिवंत सापातही पट्ट्यांची दिशा पाहावी लागते : मण्यारीचे पट्टे शेपटीकडे स्पष्ट आणि मानेकडे विरळ होतात, कवड्याचे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. आपल्याकडे कात आहे ही उलट सोयच आहे, कारण खवल्यांचा पूर्ण साचा हातात आहे. शेपटीचा भाग अखंड असेल तर त्याच्या खालच्या बाजूचे खवले पाहा. मण्यारीत ते एकेरी, म्हणजे एका ओळीत असतात. कवड्यात दुहेरी, म्हणजे दोन ओळींत. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मधोमध इतरांहून मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक रांग असते. लांबी लिहिताना ती कातीची आहे असे नमूद करा; कात ताणली जाते आणि सापापेक्षा लांब भरते. खोलीत कोपऱ्यात हात घालून शोधाशोध करू नये.

मजला सातवा, घोडबंदर रस्ता

भिंगातून पाहिले. शेपटीखाली दोन ओळी आहेत. पाठीवर मोठ्या खवल्यांची वेगळी रांग नाही. म्हणजे बिनविषारी, असे सभासदांना कळवू का?

निवृत्त प्राध्यापक, नौपाडा

तसे कळवू नये. नाग आणि घोणस यांच्याही शेपटीखालील खवले दुहेरीच असतात. आपल्या निरीक्षणाने मण्यार बाद होते, आणि एकेरी खवल्यांचे फुरसे व मांडूळ हेही बाद होतात. त्यापलीकडे काही सिद्ध होत नाही. धडाच्या मध्यभागी खवल्यांच्या आडव्या ओळी मोजून पाहा, तिरपे मोजत गेल्यास चूक होत नाही. सतरा भरल्या तर कवड्या किंवा धामण यांचा विचार करता येईल. त्याहून बऱ्याच जास्त भरल्या आणि प्रत्येक खवल्यावर ठळक कणा (मधोमध उंचावलेली रेघ) असेल, तर घोणस. डोक्याची कात शाबूत असल्यास तिचे वरून आणि बाजूने छायाचित्र येथे टाका.

रानवाट, येऊर

मधल्या वेळेत परवानगीचा मुद्दा राहून गेला, तो सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मधील दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली असून अनुसूचींची फेरमांडणी झाली आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांतील अनुसूची क्रमांक नोंदवहीत उतरवू नयेत. पाहणे, ऐकणे, छायाचित्र घेणे यापलीकडील काहीही, म्हणजे पकडणे, सापळा लावणे, नमुना घरी नेणे, वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय करू नये. उद्यानाच्या हद्दीत कॅमेरा ट्रॅप लावणे आणि रात्री जाणे यांनाही परवानगी लागते.

मजला सातवा, घोडबंदर रस्ता

तीन वेगवेगळ्या जागी मोजल्या, प्रत्येक वेळी सतरा भरल्या. खवले गुळगुळीत वाटतात. डोक्याचा भाग फाटलेला आहे.

निवृत्त प्राध्यापक, नौपाडा

मग नागही बाजूला पडतो, कारण त्याच्या ओळी धडाच्या मध्यावर एकवीस किंवा अधिक असतात. धामणीच्या पाठीवरच्या खवल्यांवर बहुधा पुसटसा कणा असतो, पण पातळ कातीत तो न दिसणेही शक्य आहे. वहीत असे लिहावे : सरीसृप, साप, केवळ कात, शेपटीखालील खवले दुहेरी, मध्यभागी ओळी सतरा, खवले गुळगुळीत भासतात, मण्यार, फुरसे, मांडूळ, नाग, घोणस नव्हे, कवड्या असण्याचा संभव, जात अनिश्चित. खाली दिनांक, मजला आणि छायाचित्रांचे क्रमांक द्यावेत, आणि कात वहीच्या पानात न चिकटवता मीटर खोलीतच राहू द्यावी.